गोठ्याचं पाणी भाताला सोडायचं, तर किती आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ म्हशींचा गोठा, दिवसातून दोनदा धुणं, रोज पाचेकशे लिटर पाणी मोरीतून परसाकडे आणि तिथून व्हाळात (ओढ्यात). खालच्या घरच्या विहिरीला वास येतो अशी तक्रार आता आली आहे. गोठ्याच्या खाली तुमचीच वीस गुंठे मळ्याची जमीन आहे. तिथे पावसाळी भात होतो, पाणी पुरलं तर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. वर वरकसात, म्हणजे उताराच्या जमिनीत, नाचणी. हे पाणी या पिकांना सोडता येईल का, आणि मग युरिया बंद करता येईल का?

सोडता येईल, आणि सोडावंच. युरिया मात्र पूर्ण बंद होणार नाही, साधारण निम्म्यावर येईल. पण सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. मोरीतून वाहतं ते खत आहे, फक्त पातळ आहे म्हणून ते पाण्यासारखं दिसतं. त्याला पाणी समजून पाटात सोडून दिलंत की भाताचं नुकसान ठरलेलं.

हिशेब करून बघू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणून गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी उभं करायला शंभर लिटर लागतात. भातखाचराला पाऊस नसताना दिवसाला ६ ते १० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे गुंठ्याला ६०० ते १००० लिटर. तुमचं सगळं ५०० लिटर पाणी एका गुंठ्याची तहानसुद्धा भागवत नाही. सिंचन म्हणून त्याला काही किंमत नाही.

खत म्हणून बघितलं तर चित्र बदलतं. म्हैस दिवसाला ढोबळमानाने दहा लिटर मूत टाकते. आठ म्हशींचं ८० लिटर धरलं, तरी चरायला गेल्यावर बाहेर पडतं ते आणि जमिनीत मुरतं ते वजा करून मोरीत पन्नासेक लिटर येतं. त्यात नत्र (नायट्रोजन) पाऊण ते एक टक्का, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास. साठवणीत आणि शेतात पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन उडतं. हातात २५० ग्रॅम राहिलं असं धरा. एका म्हशीमागे दिवसाला तीस ग्रॅम नत्र.

मी लिटर मोजत नाही, म्हैस-दिवस मोजतो, म्हणजे एका म्हशीचं एका दिवसाचं मूत. धुवायला पाणी जास्त वापरलं की लिटर वाढतात, नत्र तेवढंच राहतं. पाणी कमी वापरलं की तेच नत्र निम्म्या पाण्यात येतं, आणि लिटरच्या हिशेबाने सोडणाऱ्याच्या हातून दुप्पट खत जातं. म्हशी किती आणि टाकं किती दिवसांत भरलं, एवढं लिहून ठेवलं की चूक होत नाही.

आता भाताची गरज. सुधारित जातींना कोकणात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅश) ही शिफारस आपण सगळे वापरतो. हेक्टरात जवळजवळ शंभर गुंठे, म्हणून गुंठ्याला एक किलो नत्र. ते तीन हप्त्यांत द्यायचं: लावणीला ४०० ग्रॅम, फुटवे फुटताना ४००, लोंबी पोटात धरताना २००. चारशे ग्रॅम म्हणजे साधारण तेरा म्हैस-दिवस. आठ म्हशींचं पंधरा दिवसांचं टाकं म्हणजे १२० म्हैस-दिवस, त्यात नऊ गुंठ्यांचा एक हप्ता बसतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या वर्षी याच्याही दोन तृतीयांशच द्या, कारण म्हशींना पेंड किती, चारा कसला यावर मुतातलं नत्र बरंच बदलतं. टाक्यातल्या पाण्याचा नमुना एकदा प्रयोगशाळेत तपासून घेतलात तर हा अंदाज तुमच्या गोठ्यापुरता पक्का होईल.

मी इतकं हिशेबावर का येतो, तर सुरुवातीला मी तो केला नव्हता. आमच्या दळ्या, म्हणजे भाताचे कुणगे (बांध घातलेले वाफे), एकाखाली एक, पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात उतरतं. गोठ्याची मोरी मी सरळ वरच्या कुणग्याच्या तोंडाशी जोडली आणि पावसाळाभर तशीच ठेवली. ऑगस्टमध्ये तो कुणगा इतका काळाहिरवा झाला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मला अभिमान वाटत होता. गणपतीनंतर एका रात्रीच्या पावसात तो पूर्ण आडवा झाला. मोरीच्या तोंडाशी, दीड-दोन हातांच्या टप्प्यात, भात पडलेला होताच, शिवाय पानांवर करप्याचे दोन टोकांचे, मधे राखाडी डाग, आणि लोंब्या हातात घेतल्या तर निम्म्याहून जास्त पोल (पोकळ). तिसऱ्या कुणग्यात मात्र भात पिवळटच होता, त्याला काहीच पोचलं नव्हतं. खत वरच्यानेच खाल्लं. म्हणून सांगतो, कुणग्यातून कुणग्यात उतरवू नका. प्रत्येक कुणग्याला स्वतंत्र नळी न्या, आणि एकाच कुणग्यातही नळीचं तोंड दर वेळी हलवा, कारण गाळ तोंडाशीच बसतो.

पैशाचंही स्पष्ट बोलतो, म्हणजे नंतर निराशा नको. वीस गुंठ्यांना वीस किलो नत्र, म्हणजे ४५ किलोची युरियाची जवळजवळ एक गोणी. त्यातली निम्मी वाचली. अनुदानावर गोणी अडीचशे-पावणेतीनशेला मिळते, त्यामुळे युरियातली बचत सव्वाशे-दीडशे रुपयांची. एवढ्यासाठी कोणी टाकं बांधणार नाही. खरी कमाई पोटॅशची आहे. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणारा पालाश बहुतांश मुतातून येतो, तो उडत नाही, तळाशी बसत नाही, सगळा पाण्यात उतरतो. आपल्या जांभ्या जमिनीतून तीन-तीन हजार मिलिमीटर पावसात पालाश धुऊन जातो, आणि पोटॅशची गोणी युरियाच्या कितीतरी पट महाग आहे. मळ्याच्या तळाच्या कुणग्यात पाण्यावर तांबूस तेलकट तवंग येऊन भाताची पानं तपकिरी पडत असतील, तर तो लोहाचा त्रास आहे, आणि तिथे पालाशाची कमतरता असली तर तो आणखी वाढतो. अशा कुणग्याला हे पाणी मानवतं.

स्फुरद मात्र या पाण्यात जवळजवळ नाही. तो शेणात राहतो. शिवाय जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट बंद करू नका, आणि शेण वेगळं कुजवून चिखळणीत, म्हणजे लावणीआधी चिखल करताना, घाला. चारसूत्री पद्धतीने युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबलेल्या गोळ्या) चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये पुरत असाल, तर त्या कुणग्यात गोठ्याचं पाणी सोडूच नका. तिथे नत्राची गरज भागलेली असते.

टाक्याकडे वळू. त्याआधी धुण्याची पद्धत बदला. शेण आधी फावड्याने कोरडंच ओढून घ्या, मग पाणी मारा. एवढ्यानेच पाणी बऱ्यापैकी घटतं. गोबरगॅस असेल तर शेण कालवायला ताजं पाणी न घेता हेच पाणी घ्या. शेणाला समभाग पाणी लागतं, म्हणजे १०० किलो शेणाला १०० लिटर तिथेच जिरलं. बाहेर पडणारी स्लरी तर आणखी चांगली. तिचा उग्र वास गेलेला असतो आणि नत्राचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात, पिकाला लगेच घेता येईल असा असतो.

टाकं दोन कप्प्यांचं करा. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यात वरचं निवळ पाणी येईल. दोन्ही पक्कं, आतून सिमेंटचं. कातळात नुसता खड्डा खणून त्यात साठवू नका. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून हे पाणी थेट कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. तुमच्या शेजाऱ्याची तक्रार मला त्यातलीच वाटते. दुसरं म्हणजे टाक्यावर छप्पर हवंच. आपल्याकडे तीन मीटर पाऊस पडतो. दोन मीटर खोल उघडं टाकं एकट्या पावसानेच भरून वाहील. गोठ्याच्या पागोळ्यांचं पाणी मोरीत येऊ देऊ नका, पन्हळ लावून ते बाहेरच्या बाहेर काढा. कोकणात गोठ्याचं पाणी आवरत नाही याचं निम्मं कारण पागोळ्या आहेत.

गाळ काढायला टाक्यात माणूस उतरवू नका. कधीच नाही, दोन मिनिटांसाठी नाही, तोंडाला फडकं बांधूनही नाही. कुजणाऱ्या शेणाच्या तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठतो. जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. लांब दांड्याचं फावडं किंवा गाळाचा पंप, एवढंच.

पावसाळी भाताला पहिला हप्ता चिखळणीच्या वेळी द्या. कुणग्यातलं पाणी आधी काढून टाका, चिखल उघडा करा, त्यावर हे पाणी पसरा आणि लगेच शेवटची चिखळणी मारून मातीत मिसळा, मग पाणी भरा. कारण असं की भाताच्या चिखलात खाली हवा नसते, आणि तिथे अमोनियम टिकून राहतं. तेच नत्र उभ्या पाण्यात वरवर राहिलं तर दुपारच्या उन्हात शेवाळ त्या पाण्याचा सामू (पीएच) वाढवतं आणि अमोनिया उडून जातो. नाकाला झोंबणारा वास आला की तुमचं खत हवेत चाललं. काम संध्याकाळी करा. निवळ पाणीच वापरा. गाळासकट घातलंत तर कच्चं शेण चिखलात कुजताना प्राणवायू खातं, आणि तरवा (भाताची रोपं) लावल्यावर दोन आठवडे पिवळा पडून बसून राहतो.

दुसरा हप्ता लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी. कुणग्यातलं पाणी उतरवून चिखल ओला ठेवा, पाण्याची बाहेर जाणारी वाट मातीने घट्ट बंद करा, आणि टाक्यातलं पाणी पाटाच्या पाण्यात मिसळत सोडा, एकास पाच तरी. किती सोडलं ते असं मोजा: टाक्याच्या नळाखाली वीस लिटरची बादली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मिनिटात भरली तर ८०० लिटरला, म्हणजे पंधरा दिवसांच्या टाक्यातल्या साधारण एका गुंठ्याच्या वाट्याला, चाळीस मिनिटं. घड्याळ लावा आणि नळ बंद करायला स्वतः उभे राहा, कुणाला सांगून जाऊ नका. दोन दिवसांत मुसळधार पावसाचा इशारा असेल तर त्या दिवशी सोडूच नका. उघडीप बघूनच सोडायचं. बांधावरून वाहिलेलं खत व्हाळात, व्हाळातून खाडीत जातं, आणि तिथे कुणीतरी ओहोटीला शिंपल्या (तिसऱ्या), कालवं काढत असतं. ही जनावरं पाणी गाळूनच जगतात. आपल्या मोरीतले जंतू त्यांच्या पोटात राहतात.

तिसऱ्या, लोंबीच्या हप्त्याला मी गोठ्याचं पाणी वापरत नाही. या वेळी नत्र थोडंही जास्त झालं तर तुडतुडे, कडा करपा आणि भात लोळणं तिन्ही एकदम येतं, आणि टाक्यातलं पाणी इतकं नेमकं मोजता येत नाही. तिथे गरज असली तर मोजून युरिया. गरज आहे का ते पानाला विचारा. पर्णरंग तक्ता, म्हणजे हिरव्या छटांची प्लास्टिकची पट्टी, घ्या. सकाळी, सूर्याकडे पाठ करून, आपल्या अंगाच्या सावलीत, वरून पूर्ण उघडलेलं सर्वात नवं पान पट्टीवर ठेवा. पान तोडायचं नाही. कुणग्यात फिरत दहा चुडांची पानं बघा. दहापैकी सहा पानं तुमच्या जातीसाठी ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील तरच खत द्या. ज्या कुणग्याला टाक्याचं पाणी मिळालंय तो बऱ्याचदा तुम्हाला काही मागणार नाही.

गावठी उंच जाती लावत असाल तर एकूणच निम्मं द्या. त्या लोळणार. रत्नागिरी १ किंवा कर्जत ३ सारख्या बुटक्या जाती हा भार पेलतात.

वायंगणाला हे पाणी सर्वात जास्त उपयोगी पडतं. तेव्हा पाऊस धुऊन नेत नाही, ऊन भरपूर असतं, आणि व्हाळावर वनराई बंधारा घातला असेल तर पातळ करायला पाणी हाताशी असतं. एकच काळजी: फेब्रुवारीनंतर पाण्याची वाफ होऊन मीठ मागे राहतं. मुतात क्षार असतात. साध्या मीटरवर विद्युतवाहकता २ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर दिसली तर आणखी पातळ करा, भाताला त्यापुढे त्रास सुरू होतो. खाडीकाठच्या खार जमिनीत तर उन्हाळ्यात हे पाणी नेऊच नका.

नाचणीबद्दल थोडक्यात. वरकस उताराची जमीन, बांध नाही, पाणी उभं राहत नाही, आणि हवा खेळत्या जमिनीत नत्राचं नायट्रेट होऊन पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाली जातं. पाणी वर चढवायला पंपाचा खर्च वेगळा. नाचणीला टाक्यातला गाळ द्या, गिरीपुष्पाच्या पाल्याबरोबर कुजवून, आवणीच्या (लावणीच्या) आधी. तिला ते पुरतं.

भाताचे हप्ते मोजके, पण मोरी रोज वाहते. मधल्या दिवसांचं पाणी कुठे जाणार? पाच-सहा गुंठे संकरित नेपियर लावा. कापला की पुन्हा फुटतो, सतत नत्र खातो आणि म्हशींच्याच पोटात जातो. टाकं भरत आलं आणि भाताला वेळ आहे, असं झालं की नळी तिकडे वळवायची. पालेभाजीकडे, कच्चं खायच्या कशाकडेही वळवू नका, आणि भातालाही कापणीच्या आधी महिनाभर पूर्ण बंद.

मोरीत काय जाऊ द्यायचं नाही तेही ठरवा. दुधाची भांडी धुतलेलं सोड्याचं पाणी वेगळं काढा, त्यातलं सोडियम मातीची घडण बिघडवतं. फिनाइल ओतलेल्या दिवसाचं पाणी टाक्यात नको. खुरांसाठी मोरचुदाचं पाणी वापरत असाल तर ते कधीच शेतात नको. तांबं मातीतून जात नाही, वर्षानुवर्षं साठत राहतं. कुणी कोळंबीच्या तळ्याचं पाणी फुकट देतो म्हणाला तर नको म्हणा. ते खारं असतं.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. लेप्टो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण निघतात आणि त्यात भातात काम करणारे असतात. हा जंतू उंदरांच्या तसाच गुरांच्या मुतातूनही येतो, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जगतो आणि पायाच्या चिरेतून शरीरात शिरतो. आपण काय करतोय, तर गुरांचं मूत चिखलात घालतोय आणि त्यात बायका अनवाणी लावणी करणार आहेत. म्हणून चिखळणीच्या हप्त्याला ताजं पाणी कधीच नाही. गोबरगॅसमधून गेलेली स्लरी किंवा महिनाभर साठवलेलं पाणीच घ्या, त्यासाठी मे महिन्यात एक टाकं भरून बंद करून ठेवा. साठवल्याने जंतू कमी होतात, संपले असं समजू नका. गमबूट घ्या, तुमच्यासाठी आणि लावणीला येणाऱ्या प्रत्येकीसाठी. पायाला जखम असेल तिला त्या दिवशी चिखलात उतरवू नका. आरोग्य विभाग प्रतिबंधक गोळ्या देतो, त्या उपकेंद्रात विचारून घ्या. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, यातलं काही झालं तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि मी भातात, गुरांत काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. म्हशीने गाभ टाकला तर त्या जागेचं धुणं मोरीत सोडू नका, पशुवैद्यकांना बोलवा.

राहिली शेजाऱ्याची विहीर. टाकं बांधायच्या आधी, पाणी तळाला गेलेलं असताना, त्यांच्या आणि तुमच्या विहिरीचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असायला हवं, आणि शौचजन्य जंतू अजिबात नसावेत. नायट्रेट त्यापेक्षा जास्त निघालं आणि त्या घरात लहान बाळ असेल, तर बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नका असं स्वतः जाऊन सांगा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, हेही सांगा, कारण उकळलं की झालं असं सगळ्यांना वाटतं. मग मोरी बंद करून टाकं सुरू केल्यावर पुढच्या मे महिन्यात त्याच दोन विहिरींचा नमुना पुन्हा द्या, आणि दोन्ही कागद घेऊन त्यांच्या पडवीत बसा.